कंपनी चालू होती

आत्या जिथे बसून निम्मं आयुष्य छत्र्या दुरुस्त करत आली होती, ती खोली आता सरकारची झाली आहे, असं सांगायला दोन माणसं आली तेव्हा आत्याच्या तोंडात तार होती. काडी दांड्याला बांधताना तारेचा तुकडा दातांत धरायची ही तिची जुनी खोड. त्यामुळे त्या दोघांचं सगळं बोलणं तिला मुकाट्याने ऐकून घ्यावं लागलं. आत्याला मुकाट्याने ऐकताना पाहिलेली माणसं त्या गल्लीत तरी ही दोघंच.

त्यांतला एक सरकारी अधिकारी. बिचारा सभ्य होता, चपला बाहेर काढू का म्हणून विचारत होता. दुसरा शेजारचा गालिचेवाला. त्याच्या दुकानाला मागून लॉरी आत आणायला वाट हवी होती आणि त्या वाटेत नेमकी आत्याची खोली आडवी येत होती. अधिकाऱ्याने समजावून सांगितलं ते असं. ही खोली छत्र्यांच्या कंपनीच्या नावावर. ती कंपनी मागेच विसर्जित झाली, सरकारच्या नोंदीतून तिचं नाव निघालं. कायद्याच्या दृष्टीने कंपनी म्हणजे एक माणूसच असतो, तो माणूस आता नाही. त्याच्या मागे काही मालमत्ता राहून गेली असेल, तर ती बेवारस म्हणून सरकारजमा होते. सरकारला या खोलीचं काही करायचं नाही, म्हणून ती विकायची, आणि शेजाऱ्यांनी ती मागितली आहे.

आत्याने तोंडातली तार काढली.

"कंपनी नाही म्हणजे काय?" ती म्हणाली. "मग सकाळपासून मी काय करतेय?"

गालिचेवाला गोड हसला. तुमच्यासारख्यांना त्रास द्यायची आपली मुळीच इच्छा नाही, तुम्ही आता आराम करायला हवा, आपण तुम्हाला दुकानात कोपऱ्यात एक खुर्ची देऊ, असं बरंच काही तो बोलला. आत्याने त्याला हातातली उघडी छत्री धरायला दिली, खटका नीट बसतोय का पाहण्यासाठी, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती फटकन मिटवली. बोट थोडक्यात वाचलं. मग ती दोघं गेली.

आता ही कंपनी काय होती ते सांगायला हवं, कारण आत्याशिवाय ते कुणालाच नीट आठवत नव्हतं, आणि तिथेच सगळा घोळ झाला होता.

कंपनी काढली आत्याच्या भावाने. दोघंही तेव्हा ऐन उमेदीत. भाऊ कापड आणायचा, गिऱ्हाईक गाठायचा, आत्या काड्या जुळवायची. भावाने प्रत्येक छत्रीच्या लाकडी मुठीवर तापल्या लोखंडाने कंपनीचं नाव उमटवलं आणि त्याखाली दोन शब्द: आजन्म दुरुस्ती. म्हणजे छत्री एकदा घ्या, पुढे कधीही मोडली तर आणून द्या, कंपनी ती फुकट नीट करून देईल. भाऊ बोलून मोकळा झाला, निस्तरायचं आत्याला होतं. कारखान्यामागच्या अंगणाच्या टोकाची खोली तिला दिली, आणि ती तिथे जी बसली ती बसलीच. भाऊ कंपनीचा मालक, आत्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. तिला कधी त्याचं काही वाटलंही नाही. निदान असं ती म्हणायची.

पुढे बाजारात स्वस्त छत्र्या आल्या, एक पाऊस टिकणाऱ्या. कारखाना आधी रोडावला, मग बंद पडला. भाऊ गेला. कंपनी त्याच्या मुलाकडे आली, आत्याच्या थोरल्या भाच्याकडे. थोरला स्वतः एका विमा कचेरीत साहेब होता. छत्र्यांत त्याला रस नव्हता, पण बापाची कंपनी म्हणून काही वर्षं त्याने ती कागदोपत्री ओढली. मग त्याने आणि धाकट्या बहिणीने रीतसर ती बंद केली. पुढची इमारत विकली, यंत्रं भंगारात घातली, जे आलं ते वाटून घेतलं. सरकारला प्रतिज्ञेवर लिहून दिलं की कंपनीकडे आता काही मालमत्ता नाही, कुणाचं काही देणं नाही आणि कंपनी कसलाही धंदा करत नाही.

अंगणाच्या टोकाच्या खोलीचा विचार कुणाच्या मनातही आला नाही, कारण घरात तिला जन्मभर 'आत्याची खोली' म्हणत आले होते. आत्याची खोली ती कंपनीची कशी असेल? आणि आत्या तिथे जे करते तो धंदा कसा असेल? ते आत्याचं खुडबुडणं. घरात कुणी विचारलं, आत्या कुठे आहे, तर उत्तर ठरलेलं असायचं: असेल, काहीतरी खुडबुडत असेल. छत्र्या येत होत्या, नीट होऊन जात होत्या, आणि पैसा काही येत नव्हता. जिथे पैसा येत नाही तिथे धंदा नाही, हा हिशेब शाळेतलं पोरसुद्धा करील.

त्या दिवशी दुपारी आत्या थेट थोरल्याच्या कचेरीत गेली. बाहेरच्या मुलीने कुणाला भेटायचंय म्हणून अडवलं तर 'भाच्याला' म्हणाली आणि आत शिरली. थोरल्याने सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा पडत गेला. तो तसा वाईट माणूस नव्हता, फक्त आयुष्यभर नीटनेटका राहिलेला होता, आणि नीटनेटक्या माणसाला आपल्या हातून काही राहून गेलं हे पचत नाही. त्याने कपाट उघडून जुने कागद काढले, वाचले, पुन्हा वाचले.

"आत्या, आपण त्या गालिचेवाल्याशी बोलू," तो शेवटी म्हणाला. "तुला दुसरी खोली बघून देतो मी. याहून चांगली, खिडकी असलेली."

"मला खिडकी नकोय," आत्या म्हणाली. "तू काय लिहून दिलंस ते वाच."

त्याने वाचलं. कंपनी कसलाही धंदा करत नाही, इथे आल्यावर त्याचा आवाज जरा खाली आला.

आत्या उठली. खोलीचं तिला दुःख होतंच, पण चालत घरी जाताना जाणवलं की त्याहून खोल काहीतरी लागलंय. इतक्या वर्षांचं काम तिच्या स्वतःच्या भाच्याने एका ओळीत पुसून टाकलं होतं, आणि त्याला ते कळलंही नव्हतं. मनात आणून पुसलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ती रस्त्यात थांबली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं की हो, आपल्याला कधीतरी त्या कागदांवर असायला हवं होतं. कबूल केल्यावर तिला भयंकर राग आला आणि रागाने तिला एकदम बरं वाटलं.

गल्लीच्या तोंडाशी एक वकीलबाई बसायच्या. त्यांच्याकडे कंपनीची छत्री होती, आईकडून आलेली, दोनदा आत्याच्या हातून गेलेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आत्याला म्हणाल्या की विसर्जित झालेली कंपनी दावा लावू शकत नाही, तिच्यावर दावा लागत नाही, तिच्या नावाने कुणी काही केलं तर ते कायद्यात धरलंच जात नाही. तुम्ही तिथे बसून जे काही करत आलात ते नसलेल्या माणसाच्या नावाने करत आलात. आत्याने कपाळाला हात लावला.

"पण एक दार उघडं आहे," वकीलबाई म्हणाल्या. "नाव काढलं त्या दिवशी कंपनी खरोखर चालू होती असं सिद्ध झालं, तर कोर्ट तिला परत उभी करू शकतं. मग असं धरतात की ती कधी विसर्जित झालीच नव्हती. जे जे सरकारकडे गेलं ते परत येतं."

"चालू होतीच की."

"तुमच्या भाच्याने नव्हती म्हणून लिहून दिलंय. ते खोटं ठरवावं लागेल. आणि ते खोटं ठरलं तर त्याला त्रास होऊ शकतो, दंड होऊ शकतो. त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका."

अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हाही प्रश्न होता. आत्या ना भागीदार ना नोकर, कागदावर तिला काडीचा हक्क नव्हता. पण कंपनीने ज्याला काही कबूल केलंय आणि जे अजून द्यायचं राहिलंय असा कुणीही अर्ज करू शकतो, असं वकीलबाईंनी सांगितलं आणि स्वतःच्या छत्रीची मूठ टेबलावर ठेवली. आजन्म दुरुस्ती. त्यांच्या छत्रीचा जन्म अजून संपलेला नव्हता. म्हणजे कंपनी त्यांचं देणं लागत होती आणि त्यांना न विचारता गाशा गुंडाळून मोकळी झाली होती. एका सहकारी वकिलाला उभं करून त्या स्वतः अर्जदार झाल्या.

इथून आत्याच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. खोलीत जो कुणी छत्री घेऊन येईल त्याला ती सांगू लागली, सुनावणीच्या दिवशी कोर्टात ये, छत्री घेऊन ये. कुणी म्हणे मला कामं आहेत, तर आत्या म्हणे मग छत्रीही त्या दिवशीच मिळेल. केशकर्तनालयवाला, शाळेतल्या बाई, दोन नर्सा, एक निवृत्त इंजिनचालक, सगळ्यांना तिने दमात घेतलं. थोरल्याला मात्र तिने एकदाही सांगितलं नाही. त्याला कोर्टाचं बोलावणं गेलंच होतं, यायचं तर येईल.

सुनावणीच्या दिवशी आकाश निरभ्र होतं, ऊन नुसतं रणरणत होतं, आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर छत्र्याच छत्र्या. दारावरच्या शिपायाने आधी हरकत घेतली, इतक्या छत्र्या आत नेता येणार नाहीत म्हणाला. मग त्याने एकीची मूठ हातात घेऊन वाचली, गप्प झाला आणि बाजूला सरला. त्याच्या सासऱ्याकडे असलीच एक होती, हे त्याने नंतर सांगितलं.

गालिचेवाल्याचा वकील हुशार होता. त्याने आत्याला उभं केलं आणि मोठ्या आदराने विचारलं, कंपनीचं नाव निघाल्यानंतरही आपण दुरुस्ती करत होता का?

"रोज."

"कंपनीच्या नावाने?"

"मग काय तुमच्या नावाने करू?"

मागे हशा पिकला. न्यायाधीशांनी वर पाहिलं, हसू थांबलं. वकील मात्र खूश झाला, कारण त्याला हवं ते मिळालं होतं. जी कंपनी अस्तित्वातच नाही तिच्या नावाने ही बाई काम करते, सरकारच्या मालकीच्या खोलीत बसते, आणि वर हे अभिमानाने सांगते, असं तो म्हणाला. शिवाय नंतर केलेल्या कामावरून आधी कंपनी चालू होती हे कसं ठरणार? नाव निघण्याआधी काही काम चालू होतं याला पुरावा काय? कंपनीच्या स्वतःच्या संचालकाने प्रतिज्ञेवर नाही म्हणून लिहिलंय. आणि कसला धंदा, ज्यात एक पैसा कुणी घेत नाही? हा तर एका बाईचा विरंगुळा. छंद म्हणा.

छंद हा शब्द ऐकून आत्याचा पारा चढला. वकीलबाईंनी तिला हजारदा बजावलं होतं की विचारलं तेवढंच बोला. ती न्यायाधीशांकडे वळली.

"साहेब, पैसे का नाही घेत ते विचारा ना मला. आम्ही छत्री विकली तेव्हाच दुरुस्तीचे पैसे त्यात घेतले होते. घेतलेल्या पैशाचं काम करतेय मी. छंद कसला? दुपारी झोप येत असते मला, तरी बसते."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. वयस्कर गृहस्थ होते, चेहऱ्यावरची रेघ हलू देत नव्हते. त्यांनी विचारलं, कंपनी बंद करण्याचे कागद तयार होत होते त्या सुमारास तुम्ही काय करत होता, काही आठवतं का?

आत्याला तारखा कधीच आठवत नसत. तिला छत्र्या आठवत.

"हिशेबनीस आले होते," ती म्हणाली. "कंपनीचं काय काय शिल्लक आहे ते बघायला. थोरला घेऊन आला होता त्यांना. पाऊस होता, आणि त्यांची छत्री वाऱ्याने उलटी झालेली. आमचीच छत्री होती, भावाच्या हातची. मी ती घेतली, ते स्टुलावर बसले. तीन काड्या बदलल्या मी. ते तिथेच बसून लिहीत होते."

"काय लिहीत होते?"

"ते मला काय ठाऊक. नंतर कळलं. कंपनी काही काम करत नाही, असं लिहीत होते."

गालिचेवाल्याचा वकील उठला, हिशेबनीस आता हयात नाहीत, ही गोष्ट बाईंनी सोयीने रचली आहे, असं म्हणू लागला. न्यायाधीशांनी त्याला हाताने थांबवलं आणि मागच्या बाकाकडे पाहिलं.

थोरला तिथे बसला होता. आत्याने त्याला आतापर्यंत पाहिलंच नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर बॅग, आणि चेहरा असा की आत्याला तो लहानपणी खोटं पकडलं गेल्यावर दिसायचा तसा दिसला. त्याला पुढे बोलावलं. न्यायाधीशांनी त्याला आधीच सांगून टाकलं की तुमच्या उत्तराने तुमचंच लिहिलेलं खोटं ठरू शकतं आणि त्याचा भार तुमच्यावर येईल, तेव्हा विचार करून बोला.

आत्याने मान खाली घातली. नाही म्हणाला तर सगळं गेलं, खोली गेली, भावाचा शब्द गेला. आणि तो नाही म्हणेल, असंच तिला वाटत होतं. तिने मनातल्या मनात त्याला माफही करून टाकलं, म्हणजे नंतर रडायला येऊ नये.

"आत्या म्हणते ते खरं आहे," थोरला म्हणाला. "मी तिथे उभा होतो. हिशेबनिसांची छत्री मीच आत्याच्या हातात दिली. मी म्हणालो, आत्या, एवढी नीट करून दे, साहेबांना लांब जायचंय. आणि ती करत असताना मी त्या कागदावर सही केली." त्याने आत्याकडे पाहिलं. "कंपनीचं काम माझ्यासमोर चालू होतं. मला ते काम वाटलं नाही. चूक माझी आहे."

वकीलबाईंनी नाकाला रुमाल लावला, उगाचच सर्दी झाल्यासारखा. आत्या वर बघायला तयार नव्हती, कारण डोळे आवरत नव्हते.

निकाल त्याच दुपारी आला. न्यायाधीशांनी तो वाचून दाखवला. नाव काढलं त्या वेळी कंपनीची मालमत्ता होती, कंपनीवर शेकडो गिऱ्हाइकांचं देणं होतं आणि ते देणं कंपनी रोजच्या रोज फेडत होती. कबूल केलेलं काम करणं हाच धंदा, त्या वेळी पैसे हातात पडले की नाही हा प्रश्न नाही. सबब कंपनीचं नाव पुन्हा नोंदीत घ्यावं, ती कधी विसर्जित झालीच नव्हती असं समजावं, आणि खोली तिची तिला परत मिळावी. थोरल्याला खोट्या प्रतिज्ञेबद्दल दंड झाला. त्याने तो इतक्या आनंदाने मान्य केला की न्यायाधीशांच्याही चेहऱ्यावरची रेघ पहिल्यांदा हलली.

बाहेर पायऱ्यांवर कुणीतरी पहिल्यांदा छत्री उघडली. मग सगळ्यांनी उघडल्या. रणरणत्या उन्हात पायऱ्यांवर काळ्या छत्र्यांची अशी काही गर्दी झाली की रस्त्यावरचे लोक थांबून पाऊस आला का म्हणून वर बघू लागले. गालिचेवाला तिथून जाताना आत्याने त्याला हाक मारली आणि त्याच्या दुकानातल्या खुर्चीबद्दल आभार मानले. तोही शेवटी व्यापारी माणूस, हसला आणि म्हणाला की लॉरीसाठी पुढून वाट काढता येईल, जरा अडचण होईल इतकंच.

पुढच्या आठवड्यात थोरला खोलीत आला. धाकटीही आली होती. त्याने नेहमीसारखा सगळा नीट आराखडा केला होता. आता कंपनीने खोली रीतसर आत्याच्या नावावर करून द्यायची, मग गिऱ्हाइकांची काहीतरी सोय लावायची, आणि मग कंपनी पुन्हा व्यवस्थित विसर्जित करायची, या वेळी काही न विसरता. आत्या सुरक्षित, कुणाला त्रास नाही. धाकटीने मान डोलावली.

आत्या एका दांड्यातला गंज कागदाने घासत होती.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"खोली माझ्या नावावर नको. खोली कंपनीची आहे. कंपनी चालू आहे, असं साहेबांनी लिहून दिलंय. ती बंद करायची असेल तर कंपनीत जे काम करतं त्याला विचारायला नको का?"

तिच्या म्हणण्याचा अर्थ थोरल्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्याने हातातले आराखड्याचे कागद दुमडून खिशात घातले आणि बॅगेतून कोरा कागद काढला. उभ्या उभ्या, भिंतीवर टेकून, त्याने लिहिलं की कंपनीच्या सभेत आजपासून आत्याची संचालक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. त्याने सही केली, धाकटीने सही केली. त्या कागदावर आत्याचं पूर्ण नाव होतं, जे तिला स्वतःलाही हल्ली फारसं ऐकायला मिळत नसे.

आत्याने हात पुसले, कागद घेतला आणि दोनदा वाचला.

"हे आजपासून का?" तिने विचारलं.

"मग कधीपासून?"

आत्याने त्याला सांगितलं. ज्या दिवशी भावाने तिला या खोलीत बसवलं, त्या दिवसापासून.

थोरल्याने तोंड उघडलं. कायद्याने असं मागच्या तारखेपासून लिहिता येत नाही, असं तो सांगणार होता, ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण त्याने कागद परत घेतला, 'आजपासून' तसंच ठेवलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: सभा अशी नोंद करते की संचालक या कंपनीत पहिल्या दिवसापासून काम करत आहेत. त्या ओळीखाली त्याने वेगळी सही केली, ठळक, जशी तो विम्याच्या मोठ्या कागदांवर करायचा.

दारात शाळेतल्या बाई मोडकी छत्री घेऊन उभ्या होत्या. मंडळी काहीतरी महत्त्वाचं करताहेत असं पाहून त्या परत फिरू लागल्या, संध्याकाळी येते म्हणाल्या.

"या, आत या," आत्या म्हणाली. "कंपनी चालू आहे."